कंदिलाची काच

कर्णिक बाईंबरोबर भर दुपारी नौपाड्यातून चालणं ही एक शिक्षा होती. रस्त्याच्या एका बाजूला इमारतींची छान सावली असायची, दुकानांचे पत्रे पुढे आलेले असायचे आणि सगळं ठाणं शहाण्यासारखं त्या बाजूने चालायचं. बाई दुसऱ्या बाजूने चालायच्या, उन्हातून. हातात काळी छत्री असे, पण ती मिटलेली. मध्येच थांबून ती छत्री फुटपाथवर उभी धरायच्या, तिची सावली कुठवर जाते ते बघायच्या आणि पुढे निघायच्या. येणारेजाणारे वळून बघत. मी जरा अंतर ठेवून चालत असे, म्हणजे आपण यांच्याबरोबर नाही असं लोकांना वाटावं.

कोलशेतला खाडीच्या बाजूला आमचा ट्रान्सफॉर्मरचा कारखाना होता. मी विक्री विभागात, रोज डोंबिवलीहून यायचो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला आमचे मालक दामले साहेब कुठलंसं प्रदर्शन बघून आले आणि त्यांनी सौरऊर्जेचा विभाग काढला. विभाग म्हणजे मागच्या गोडाऊनमधलं एक टेबल, एक फिटर आणि रोहिणी कर्णिक. बाई तोपर्यंत ट्रान्सफॉर्मरची डिझाइनं करत होत्या आणि चांगली करत होत्या. त्यांना हे नवं काम का दिलं, असं मी एकदा साहेबांना विचारलं होतं. साहेब म्हणाले, दुसरं कुणी तयार होईना.

बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. नौपाड्यात भावाच्या शेजारच्या खोलीत राहायच्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, चहा नेहमी अर्धा कप. उरलेला अर्धा कप नंतर मागायच्या, पण तो गरम हवा असायचा. बोलणं स्वच्छ आणि तुटक. पॅनेल बनवणाऱ्या कंपनीचं गुळगुळीत माहितीपत्रक मी मोठ्या कौतुकाने त्यांच्यापुढे ठेवलं, तर त्यातल्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "सावंत, हा आकडा प्रयोगशाळेतला आहे. तिथे कावळे नसतात."

तेव्हा मला वाटलं होतं की बाई विनोद करताहेत. बाई विनोद करत नसत. पुढच्या आठवड्यात त्यांनी आमच्याच गच्चीवर दोन पॅनेलं लावली. एक रोज पुसायचं, दुसरं कावळ्यांवर आणि कारखान्याच्या धुळीवर सोडून द्यायचं. महिन्याभराने दुसऱ्याची अवस्था साहेबांना वर नेऊन दाखवली. साहेबांनी नाकाला रुमाल लावून ती पाहिली. तेव्हापासून बाई कुठलंही डिझाइन करताना माहितीपत्रकातला आकडा घ्यायच्या आणि त्यातून आधी कावळ्यांचा वाटा काढून ठेवायच्या. आमच्या ऑफिसात हा शब्दच रूढ झाला. हिशेब तपासताना फिटरसुद्धा विचारायचा, बाई, यातून कावळे काढले का?

पण बाईंची खरी परीक्षा झाली ती बंदरावरच्या दिव्याने.

कारखान्याच्या मागे मिठागरं आणि त्यांच्या पलीकडे कोळ्यांचं एक लहानसं बंदर होतं. बंदर म्हणजे खाडीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, दोनचार होड्या आणि जाळी ठेवायची एक खोपी. मिठागरातून विजेचे खांब नेणं कुणालाच जमलं नव्हतं. ओहोटीला त्या पायऱ्या शेवाळाने बुळबुळीत होतात. हिराबाय नावाच्या कोळणीचा नवरा, गणपत, अंधारात तिथून घसरला आणि त्याचा पाय मोडला. पाय जुळला, पण तिरका. तेव्हापासून तो होडी घेऊन गेला की हिराबाय रोज कंदील घेऊन पायऱ्यांवर उभी राहायची. पाऊस असो, वारा असो, होडी लागेपर्यंत ती तिथेच.

ही हिराबाय ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची आणि कर्णिक बाई तिच्या जुन्या गिऱ्हाईक. नौपाड्यातल्या कायस्थांच्या घरात मासळीवाली ही जवळजवळ नात्यातली बाई असते. कंदिलाची हकिगत बाईंना तिथेच, पापलेट निवडताना कळली. मग बाईंनी साहेबांच्या मागे लकडा लावला. त्याच सुमारास सरकारी योजनेतून सौरदिव्याचा एक प्रायोगिक खांब मिळत होता. साहेब तयार झाले, पण त्यांची एक अट होती. वर्षभर हा दिवा चालला तर विभाग चालू ठेवायचा. नाही चालला तर खांब उपटायचा, गोडाऊन रिकामं करायचं आणि बाईंनी मुकाट्याने ट्रान्सफॉर्मरकडे परत यायचं.

योजनेच्या कागदात लिहिलं होतं, दिवा संध्याकाळी लागावा आणि रात्री दहाला बंद व्हावा. बाईंनी तो कागद घेतला आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मी तिथेच बसलो होतो. साहेब म्हणाले, अहो, रस्त्यावरचे दिवे असेच असतात, दहानंतर कोण हिंडतंय? बाई म्हणाल्या, "भरती दहाच्या आधी येते असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

होड्या घड्याळाने नाही, पाण्याने परत येतात. आज संध्याकाळी, तर आठवड्याने पहाटे. म्हणून बाईंनी दिवा रात्रभर जळेल असा केला. त्यासाठी बॅटरी मोठी घेतली, आणि ओळीने काही दिवस ऊन पडलंच नाही तरी पुरेल म्हणून आणखी मोठी. मी कपाळाला हात लावला. असा दिवा मी उद्या दुसऱ्या कुणाला विकणार कसा? बाईंचं म्हणणं, जो दिवा पावसाळ्यात विझतो तो विकून तुम्ही दुसऱ्यांदा त्या माणसाच्या दारात जाणार कसे?  पुढे धंद्यात माझे केस पांढरे झाले तरी हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

पॅनेलच्या जागेसाठी बाई कितीतरी दुपारी छत्री घेऊन त्या बंदरावर हिंडल्या. खांबावर उंच लावलं तर खाडीच्या वाऱ्याने हलणार, काठावर लावलं तर तिवरांच्या झाडीची सावली पडणार. शेवटी जाळ्यांच्या खोपीचं छप्पर त्यांना पसंत पडलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यावर सावलीचा ठिपका नव्हता, वारा खेळता होता, आणि खाली खोपीत बॅटरी सुरक्षित राहत होती. साऱ्या गावात इतकी उन्हाची जागा दुसरी नाही, असं बाई मोठ्या अभिमानाने म्हणाल्या होत्या.

पावसाळ्याच्या तोंडावर दिवा लागला. गावाने नारळ फोडला. हिराबायने मात्र आपला कंदील मोडीत काढला नाही. घासला, तेल भरलं आणि खोपीत खिळ्याला टांगून ठेवला. म्हणाली, "असूंदे बाय. तुझी काच नवी हाय, माजा कंदील जुना हाय."

मी जरा नाराज झालो. बाई खूश झाल्या. त्या दिवसापासून तो कंदील म्हणजे त्यांचं मोजमापाचं यंत्रच झालं. त्या बंदरावर नेहमी दिवसा जायच्या, कारण अंधार पडल्यावर मिठागराच्या बांधावरून परत येणं शक्य नव्हतं. आपला दिवा पेटलेला त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. म्हणून खोपीत शिरलं की आधी खिळ्यावरचा कंदील काढायचा आणि उजेडात धरून त्याची काच बघायची. काच स्वच्छ असली तर दिवा जळला. काचेला काजळी असली तर दिवा विझला होता. मीटर त्यानंतर. फिटर बिचारा मीटर काढून उभा असायचा.

पावसाळ्यात सगळे दिव्याच्या विझण्याची वाट बघत होते. साहेब तर रोज आभाळाकडे बघून गालात हसायचे. ओळीने सूर्य दिसला नाही असे दिवस आले आणि गेले. कंदिलाची काच लख्ख राहिली. गणेशोत्सवात बाईंनी स्वतःच्या खर्चाने सगळ्या ऑफिसला पेढे वाटले, आणि साहेबांनाही एक दिला.

आणि मग दिवाळी झाली, आभाळ निवळलं, कडकडीत ऊन पडायला लागलं आणि दिवा विझायला लागला.

आम्ही चक्रावून गेलो. ज्या दिव्याने आषाढ काढला तो कार्तिकात का मरावा? बाईंनी खिळ्यावरचा कंदील काढला तर काचेला काजळीचा जाड थर. हिराबाय पुन्हा पायऱ्यांवर उभी राहत होती. फिटर कंपनीच्या टेंपोतून सकाळी सकाळी जाऊन आला. पॅनेल चकचकीत, मीटर झकास दाखवतो, बॅटरी मात्र रिकामी. बॅटरी बदलली. थोडे दिवस दिवा जळला आणि पुन्हा विझला. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, वर्ष संपायच्या आत हे गोडाऊन मला रिकामं हवंय, बाईंना तुम्ही समजवा.

या दिवसांतली एक गंमत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यातच होतं. आमचे जेवणाचे डबे एकत्र उघडत. मी मालवणी, बाई कायस्थ, त्यामुळे बाकीची मंडळी आमच्यापासून चार हात लांब बसत. त्या हंगामात बाईंच्या डब्यात वरचेवर सोडे असायचे. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. सोड्यांची खिचडी, वांग्यात सोडे, पिठल्यात सोडे. आणि सोडे असे, की मी जन्मात खाल्ले नव्हते. एरवी सोडे कितीही धुतले तरी दाताखाली एखादा वाळूचा कण येतोच. यात कण नाही, काडी नाही. बाई म्हणायच्या, या वर्षी हिराबायचा हात लागला आहे, इतके साफ सोडे तिने कधी दिले नव्हते. मी दोनदा वाढून घ्यायचो. दिवा गेल्याचं दुःख आम्ही दोघं असं खिचडीत बुडवत होतो.

शेवटी बाईंनी एक दिवस रजा काढली आणि मला स्कूटरवरून बंदरावर सोडायला सांगितलं. दिवसभर तिथे बसायचं, पॅनेलवरची नजर हलवायची नाही, जे होईल ते डोळ्यांनी बघायचं. मीही थांबलो. एकतर त्यांच्या डब्यात खिचडी होती, आणि दुसरं म्हणजे विभाग बंद होणार हे त्यांना सांगायचं काम माझ्या गळ्यात होतं.

सकाळी पॅनेल स्वच्छ होतं. मीटर बरोबर होता. ऊन चढलं. आम्ही तिवराच्या सावलीत बसलो. काहीच घडत नव्हतं. भूक लागली तेव्हा बाईंनी डबा उघडला, मला वाढलं, स्वतः पहिला घास घेतला. तेवढ्यात खोपीच्या मागून हिराबाय आणि तिच्या दोन जावा आल्या. डोक्यावर टोपल्या. एकीने शिडी लावली. हिराबाय वर चढली, पदराने पॅनेलची काच नीट पुसली आणि टोपलीतली सोललेली कोळंबी त्यावर पसरायला लागली. अगदी हळुवार हाताने, एकीला दुसरी चिकटणार नाही अशी, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

बाईंचा घास तोंडातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, पुन्हा छपराकडे पाहिलं. मग सावकाश घास गिळला आणि म्हणाल्या, "सावंत, आपला दिवा आपणच खाल्ला."

पॅनेलमधले काळे कप्पे माळेसारखे एकात एक जोडलेले असतात. एक झाकला तरी सगळ्या माळेची वीज अडते. इथे तर पूर्ण माळ कोळंबीखाली. पावसाळ्यात वाळवण नव्हतं म्हणून ढगाळ आभाळातसुद्धा दिवा जगला, आणि ऊन पडलं तसा मेला. फिटर आणि बाई दोघंही सकाळीच येऊन जायचे, तेव्हा कोळंबी अजून सोलायचीच असायची. संध्याकाळी बायका सोडे उचलायच्या आणि काच अशी पुसून ठेवायच्या की आमच्या फिटरनेही कधी पुसली नसेल.

मला हसू येत होतं आणि बाईंची भीतीही वाटत होती. आता त्या हिराबायला फाडून खाणार, असं मला वाटलं. बाई शिडीशी गेल्या आणि नुसतं विचारलं, इथे का वाळवतेस? हिराबाय वरूनच मोठ्या कौतुकाने सांगायला लागली. वाळू नाय, मांजर नाय, काच तापते, एका दिसात माल तयार. मग बाईंचा चेहरा बघून ती चपापली.

"काय चुकलं काय बाय? दिवा जळतो राती. दिसाची ती काच रिकामीच असते ना?"

 सौरदिवा कसा चालतो हे कर्णिक बाईंनी सरकारी साहेबांना सांगितलं होतं, दामले साहेबांना सांगितलं होतं, मला तर इतक्यांदा सांगितलं होतं की मी झोपेत म्हणून दाखवलं असतं. जिच्या पायऱ्यांवर तो जळणार होता त्या बाईला कुणीच सांगितलं नव्हतं, की ती काच दिवसभर कामावर असते. बाईंनी ते तिथेच, शिडीला टेकून, हिराबायला सांगितलं. ती ऐकत गेली आणि ऐकता ऐकताच कोळंबी टोपलीत गोळा करायला लागली. खाली उतरली तेव्हा तिचे डोळे भरले होते. नवऱ्याच्या वाटेवरचा उजेड आपणच झाकला, हे तिच्या मनाला फार लागलं. बाईंनी तिच्या हातातली टोपली घेतली आणि म्हणाल्या, "तुझी चूक नाही. सगळ्या गावात उन्हाची जागा मी एक निवडली, तूही तीच निवडलीस."

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. साहेब पोट धरून हसले आणि मग धंद्यावर आले. छपराला काटेरी तार लावा, मनाईची पाटी लावा, म्हणाले. बाईंनी ठाम नकार दिला. तार लावली तर बायका दुसरी जागा शोधतील, आणि ती पॅनेलइतकी चांगली मिळाली नाही की तार वाकवतील. "आणि साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "सोडे मलाही हवे आहेत."

आमच्या आवारात पाणी तापवायच्या बंबाच्या काही नापास पेट्या पडल्या होत्या. खाली काळा पत्रा, वर काच. बाईंनी फिटरला घेऊन त्यातल्या दोन पेट्यांना बाजूने भोकं पाडली, आत जाळीचे ट्रे बसवले आणि त्या खोपीच्या छपरावर खालच्या कडेला, बायकांचा हात पोचेल अशा ठेवल्या. पॅनेल उचलून मागे वर नेलं, जिथे हात पोचत नाही. पेटीतली कोळंबी काचेवरच्यापेक्षा लवकर वाळायला लागली, आणि माश्याही बसेनात. पॅनेलकडे कुणी वळून पाहीना. पाटी लावावी लागली नाही.

त्यानंतर कंदिलाच्या काचेला काजळी धरली नाही. वर्ष संपलं, साहेबांनी गोडाऊनला नवा रंग दिला आणि बाईंना दुसरं टेबल मिळालं. विभाग वाचला याचं मला किती बरं वाटलं हे मी तेव्हा बोललो नाही, पण त्या दिवशी मी बाईंबरोबर नौपाड्यातून उन्हाच्या बाजूने चाललो, अंतर न ठेवता.

या प्रकारानंतर बाईंची कामाची रीतच बदलली. पुढे आम्ही कल्याण-डोंबिवलीच्या सोसायट्यांमध्ये सौरबंब बसवायला लागलो. सोसायटीचे अध्यक्ष आम्हाला मोठ्या रुबाबात गच्चीवर न्यायचे, दक्षिण कुठे, टाकी कुठे ते दाखवायचे. बाई ऐकून घ्यायच्या आणि मग खाली उतरून पहिल्या दिसेल त्या घराची कडी वाजवायच्या. दार उघडणाऱ्या बाईला विचारायच्या, तुमच्या गच्चीवर काय काय वाळतं? पापड कुठल्या कोपऱ्यात, गाद्या कुठल्या कठड्यावर, लोणच्याच्या बरण्या कुठे, आणि सकाळी पहिली आंघोळ कोण करतं? अध्यक्ष कंटाळून घड्याळ बघत उभे राहत. डोंबिवलीत एका अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन विचारलं, या बाई खरंच इंजिनियर आहेत ना? त्याच अध्यक्षांच्या मागच्या इमारतीत दुसऱ्या कुणीतरी बसवलेले बंब एका उन्हाळ्यात गाद्यांखाली गेले, तेव्हा ते स्वतः कोलशेतला बाईंना भेटायला आले. बाईंनी त्यांना अर्धा कप चहा दिला.

नव्वदच्या दशकात बऱ्याच पुढे बाई निवृत्त झाल्या. ऑफिसने शाल, नारळ, भाषणं असं सगळं यथासांग केलं. साहेब आता थकले होते. बोलताना त्यांनी सौर विभाग ही आपली दूरदृष्टी होती असं सांगितलं आणि बाईंनी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या. समारंभ संपल्यावर शाल पिशवीत कोंबून म्हणाल्या, सावंत, स्कूटर काढा. कुठे जायचं ते विचारावं लागलं नाही.

दिवाळी नुकतीच झाली होती, दिवस लहान होते. मिठागराच्या बांधावर आता नुकताच पक्का रस्ता झाला होता. बंदरावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बाई सवयीने सरळ खोपीत शिरल्या आणि खिळ्याशी हात नेला. खिळा रिकामा होता. त्या बाहेर आल्या आणि त्यांनी हिराबायला विचारलं, कंदील कुठे आहे?

हिराबाय पेटीतले सोडे काढत होती. मान वर न करता म्हणाली, "कंदील? तो मी दिला भंगारवाल्याला. टांगून टांगून गंजला. काय करायचा त्याचा?"

बाईंनी त्या रिकाम्या खिळ्याला बोट लावलं आणि हलवून पाहिलं. समारंभात ज्यांचा आवाज एकदाही हलला नव्हता, त्या बाईंना पदर डोळ्यांना लावावा लागला. हिराबाय गोंधळली. भंगारात द्यायला नको होता का, असं मला विचारायला लागली. मी म्हटलं, देऊन टाकलास ते फार बरं केलंस.

मग बोलता बोलता हिराबायच्या लक्षात आलं की या बाईने आपला दिवा पेटलेला आजवर पाहिलेलाच नाही. तिने गणपतला हाक मारली. बाई नको नको म्हणत असतानाच तिने त्यांना हाताला धरून पायऱ्या उतरवलं आणि होडीत बसवलं. मी काठावरच राहिलो. होडी खाडीत बरीच आत गेली. अंधार झाला, खोपीच्या बाजूने दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. काही वेळाने होडी परत येताना दिसली. बाई पुढच्या टोकाला बसल्या होत्या, मांडीवर मिटलेली छत्री, तोंड दिव्याकडे.

होडी पायऱ्यांना लागली, पण बाई उतरल्या नाहीत. मला म्हणाल्या, "सावंत, खालच्या पायऱ्यांवर उजेड कमी पडतो. दिवा पाण्याच्या बाजूला वळवायला हवा."

"आमाला दिसतंय बाय," हिराबाय म्हणाली. "सवय हाय आमाला."

"सवय तुमची आहे. दिवा माझा आहे. उद्या पाना घेऊन येते."

मी आठवण करून दिली की बाई, उद्यापासून तुम्ही नोकरीत नाही. त्या म्हणाल्या, म्हणून तर उद्या सबंध दिवस मोकळा आहे. दुसऱ्या दिवशी त्या खरंच गेल्या, फिटरला बरोबर घेऊन दिवा वळवला, हे मला हिराबायने नंतर सांगितलं. माझी मात्र त्याच महिन्यात नाशिकला बदली झाली, आणि बाईंची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. त्यामुळे मला शेवटच्या दिसतात त्या होडीतल्या बाई. मी हात पुढे केला होता, तो त्यांनी धरला नाही. मागे वळून गणपतला म्हणाल्या, होडी जरा पुन्हा मागे घे, मला एकदा नीट बघू दे. गणपतने वल्ह्याने पायरीला रेटा दिला, आणि बाई त्या उजेडाकडे तोंड करून अंधारात मागे मागे गेल्या.